मठ्ठ्याचे पाऊच उन्हाळ्यात का फुगतात, आणि प्रिझर्व्हेटिव्ह हे त्यावरचं उत्तर का नाही

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरबाहेर हिंगण्याच्या बाजूला एक छोटं युनिट रोज साधारण २,००० लिटर मसाला मठ्ठा २०० मिलीच्या पाऊचमध्ये भरतं. दूध ९० अंश सेल्सिअसला ५ मिनिटं तापवतात, आदल्या दिवशीच्या दह्याचं २ टक्के विरजण लावतात, दही घुसळताना आरओचं पाणी घालतात आणि शेवटी सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची, आलं, जिरं, काळं मीठ यांचं वाटण टाकतात. लेबलवर ७ दिवसांची मुदत आहे. डिसेंबर-जानेवारीत तक्रार नसते. मार्च संपला की चौथ्या दिवसापासून पाऊच फुगायला लागतात, उघडल्यावर दारूसारखा वास येतो, काही पाऊच कडवट निघतात. प्रयोगशाळेच्या अहवालात कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जीवाणू, आहेत आणि यीस्ट-बुरशीच्या रकान्यात ‘मोजता येणार नाही इतके’ असा शेरा आहे. कोणतं प्रिझर्व्हेटिव्ह किती घालावं, असं विचारलं आहे.

सध्या कोणतंही घालू नका. ९० अंशाला ५ मिनिटं तापलेल्या दुधात एकही यीस्ट आणि एकही कोलिफॉर्म जिवंत राहत नाही. यीस्ट ६०-६५ अंशालाच काही मिनिटांत मरतं. म्हणजे पाऊचमध्ये जे सापडलं ते सगळं दूध तापल्यानंतर आत आलेलं आहे. तुमच्या पद्धतीत तापवल्यानंतर चार गोष्टी दुधात पडतात: विरजण, पाणी, मसाला, आणि भरताना यंत्राचा व हवेचा स्पर्श. चोर या चौघांतच आहे, बहुधा एकाहून जास्त आहेत, आणि ते सापडवता येतात.

मठ्ठ्यात नेमकं कोण वाढतं

चांगल्या मठ्ठ्याचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.० ते ४.४ च्या दरम्यान असतो. या आंबटपणात दूध नासवणारे बहुतेक जीवाणू वाढत नाहीत. यीस्टला मात्र हा पीएच आवडतो, त्याला मीठ चालतं आणि कोल्ड रूममधल्या ५ अंशालाही ते थांबत नाही, फक्त हळू वाढतं. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस हे यीस्ट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, थेट आंबवतं. सॅकरोमायसिसला लॅक्टोज जमत नाही, पण दह्याच्या कल्चरने, म्हणजे दूध आंबवणाऱ्या विरजणातल्या जीवाणूंनी, मागे सोडलेलं गॅलॅक्टोज त्याला पुरतं, आणि लस्सीत घातलेली साखर तर आयतीच मिळते. डिबॅरिओमायसिस मिठाला दाद देत नाही. मठ्ठ्यातलं अर्धा-पाऊण टक्का मीठ चवीसाठी आहे, त्याने टिकाऊपणा वाढेल अशी आशा ठेवू नये.

कोलिफॉर्मचं वागणं वेगळं आहे. दही लागायला सुरुवात होते तेव्हा पीएच ६.५ च्या आसपास असतो. त्या पहिल्या काही तासांत ते झपाट्याने वाढतात, गॅस करतात, शेणासारखा किंवा कुजका वास आणतात. पीएच ४.५ च्या खाली गेला की त्यांची वाढ थांबते आणि साठवणीत ते हळूहळू मरतात. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशीच्या पाऊचमध्ये कोलिफॉर्म शून्य आले याचा अर्थ भरताना शून्य होते असा होत नाही. कोलिफॉर्मची तपासणी भरण्याच्याच दिवशीच्या पाऊचवर करायची. उलट तुमच्या अहवालातला नमुना जुना असेल आणि तरीही कोलिफॉर्म सापडले असतील, तर सुरुवातीला ते बरेच जास्त होते.

बुरशीला हवा लागते, त्यामुळे हवा काढून भरलेल्या पाऊचमध्ये ती सहसा त्रास देत नाही; कपात, झाकणाखाली दिसते. जिओट्रिकम नावाची एक बुरशी मात्र लक्षात ठेवा. ती यंत्राच्या ओल्या सांध्यांवर पांढरट मखमली थरासारखी वाढते. भरणयंत्राच्या नोझलमागे असा थर बोटाला लागला तर स्वच्छता कुठे राहते ते तिथेच कळतं.

गॅस कोणाचा आहे हे अहवालाची वाट न पाहता ओळखता येतं. फुगलेल्या पाऊचमधून सिरिंजने २० मिली गॅस ओढा, त्याच सिरिंजमध्ये १० टक्के कॉस्टिक सोड्याचं ४-५ मिली द्रावण घ्या, टोक बंद करून हलवा. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे करू नका. गॅस जवळजवळ सगळा शोषला गेला आणि दट्ट्या आत ओढला गेला तर तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे बहुधा यीस्ट. बराच गॅस शिल्लक राहिला तर त्यात हायड्रोजन असण्याची शक्यता आहे आणि संशय कोलिफॉर्मवर जातो. पाऊचमध्ये भरतानाची हवा राहिली असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून चांगला टम्म फुगलेला पाऊचच घ्या. याहून खात्रीचं साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर मठ्ठ्याचा थेंब, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब, ४०० पट मोठं करून पाहायचं. कल्चरचे जीवाणू बारीक ठिपक्यांच्या माळा किंवा काड्या दिसतात. यीस्ट त्यांच्या पाच-दहा पट मोठं, अंडाकृती, अनेकदा अंगाला कोंब फुटलेलं दिसतं. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. रोज २,००० लिटर भरणाऱ्या युनिटकडे साधा सूक्ष्मदर्शक असायलाच हवा.

एक अपवाद. विरजणासाठी विकतचं कल्चर वापरत असाल आणि त्यात सायट्रेट आंबवणारे प्रकार, उदाहरणार्थ ल्युकोनोस्टॉक, असतील तर ते स्वतःच थोडा कार्बन डायऑक्साइड करतात. लोण्यासारखा सुगंध त्यांच्यामुळेच येतो. पाऊच एकसारखे, किंचित फुगलेले, वास उत्तम, यीस्ट दिसत नाही, असं असेल तर कल्चर बदला. बाकी काही बिघडलेलं नाही.

थंडीत का चालतं

याचं उत्तर आकड्यांत आहे. २०० मिलीचा पाऊच फुगलेला दिसायला मिलीमागे साधारण १० लाख यीस्ट लागतात, म्हणजे पाऊचमध्ये २० कोटी. भरताना एकच यीस्ट आत गेलं तर तिथपर्यंत पोचायला ते सुमारे २८ वेळा दुप्पट व्हावं लागतं. दुप्पट व्हायला ३० अंशाला अंदाजे २ तास, १० अंशाला ८ तास, ४-५ अंशाला १८ तास धरा. यीस्टच्या जातीप्रमाणे हे कमीजास्त होतं, पण अंदाज बांधायला पुरेसं आहे. म्हणजे एका यीस्टला ४-५ अंशाला २१ दिवस लागतात, १० अंशाला ९ दिवस, आणि मे महिन्यात दुकानाबाहेर क्रेट पडून राहिलं तर अडीच दिवससुद्धा लागत नाहीत.

आता भरतानाच मिलीमागे १०० यीस्ट असतील तर? पाऊचमध्ये २०,००० झाले. २० कोटींना पोचायला फक्त १३-१४ वेळा दुप्पट व्हायचं. १० अंशाला साडेचार दिवस. तुमची तक्रार चौथ्या दिवसापासूनची आहे. थंडीतही हाच माल इतकाच दूषित असतो. तेव्हा गाडी, दुकान आणि गिऱ्हाइकाचं घर थंड असतं म्हणून सात दिवस निभतात. दुकानदाराच्या फ्रिजला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास दुपार असताना छोट्या दुकानातला काचेचा फ्रिज, दिवसभर उघडझाप होत असताना, ५ अंशाला राहत नाही; १०-१२ धरूनच मुदत ठरवावी लागते. आपल्या हातात आहे ते सुरुवातीचा आकडा खाली आणणं.

मसाला: सगळ्यात मोठा संशयित

कच्च्या सांबाराच्या, मिरचीच्या, आल्याच्या वाटणात ग्रॅममागे लाखांनी जीवाणू आणि हजारांनी यीस्ट असणं अगदी सामान्य आहे. समजा वाटणात ग्रॅममागे २०,००० यीस्ट आणि १०,००० कोलिफॉर्म आहेत आणि तुम्ही लिटरला ५ ग्रॅम वाटण घालता. मठ्ठ्यात मिलीमागे १०० यीस्ट आणि ५० कोलिफॉर्म झाले. वर चौथ्या दिवशी फुगणाऱ्या पाऊचचा जो आकडा मांडला तो हाच. एवढं एक वाटणच तुमच्या सगळ्या तक्रारीला पुरेसं आहे.

सांबार क्लोरीनच्या पाण्यात बुडवून भागत नाही. १०० पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्लोरीनच्या, पाण्यात ५-१० मिनिटं ठेवलं तर संख्या दहा ते शंभर पटीने कमी होते, पण पानाच्या सुरकुत्यांत आणि देठाच्या कापलेल्या टोकात बसलेले वाचतात, आणि मिक्सरमध्ये फिरवलं की ते सगळीकडे पसरतात. धुणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. वाटण तापवावंच लागतं. वाटण, मीठ आणि पाणी मिळून पातळ कालवण करा, वाफेच्या जॅकेटच्या भांड्यात ढवळत ९०-९५ अंशाला १० मिनिटं ठेवा, झाकण बंद ठेवूनच ५-८ अंशापर्यंत थंड करा आणि धुऊन निर्जंतुक केलेल्या नळीतून टाकीत सोडा. बादलीने ओतू नका.

यात रंग जातो. हिरवा सांबार शेवाळी दिसायला लागतो, सुगंधही उतरतो. पण मठ्ठ्याच्या आंबटपणात तो रंग दोन-तीन दिवसांत तसाही उतरतोच, त्यामुळे कच्च्या सांबाराचा हट्ट धरून फारसं काही हाती लागत नाही. सुगंधाची भर भाजलेल्या जिऱ्याने, हिंगाने आणि आल्याने काढता येते. एकसारखी चव हवी असेल तर मसाल्यांचे अर्क, ज्यांना ओलिओरेझिन म्हणतात, वापरून पाहा. त्यांत जीवाणू जवळपास नसतात. फोडणी देत असाल तर तापलेल्या तेलात जिरं-मोहरी निर्धोक होतात, पण वरून टाकलेला ओला गोडलिंब (कढीपत्ता) तेलात नीट तडतडला पाहिजे, नाहीतर तो कच्चाच मठ्ठ्यात जातो.

कोरडे मसालेही निष्पाप नाहीत. काळी मिरी, धणे, जिरं यांत ग्रॅममागे लाखांपासून कोटीपर्यंत जीवाणू असू शकतात, आणि त्यांतले बरेच बॅसिलस जातीचे बीजाणू असतात जे उकळूनही मरत नाहीत. पीएच ४.५ च्या खाली ते झोपूनच राहतात, म्हणून मठ्ठ्यात त्यांचा त्रास नाही. धोका आहे तो कालवणात. कालवणाचा पीएच ६ च्या आसपास असतो. सकाळी तापवलेलं कालवण दुपारपर्यंत तसंच कोमट ठेवलं तर बॅसिलस सीरियस त्यात वाढतो, आणि त्याचं एक विष नंतर उकळूनही जात नाही. तापवलेलं कालवण एकतर ६५ अंशाच्या वर ठेवा किंवा लगेच ५ अंशाखाली न्या. खोलीच्या तापमानाला ठेवायचंच नाही. जिरं भाजून दळत असाल तर चक्की पाहा: भाजलेलं स्वच्छ जिरं काल कच्चे धणे दळलेल्या चक्कीतून काढलं की भाजण्याचा फायदा गेला.

पाणी

आरओचं पाणी शुद्ध असतं हा समज या धंद्याला फार महागात पडतो. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीन आरओचा पडदा (मेम्ब्रेन) खराब करतो. त्यानंतरच्या पाण्याला कसलंच संरक्षण उरत नाही. ते प्लास्टिकच्या टाकीत, छतावर किंवा शेडमध्ये, उन्हाळ्यात ३५ अंशाला रात्रभर उभं राहतं. टाकीच्या भिंतीला, नळीच्या आतून बुळबुळीत थर बसतो. यूव्ही दिवा असेल तर त्याच्या काचेच्या नळीवर पांढरं साचलेलं असतं आणि दिवा लागलेला दिसूनही काम करत नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी घेत असाल तर दर टँकरला मूळ पाणीच बदलतं.

मठ्ठ्यात दह्याइतकंच किंवा जास्त पाणी पडतं. मिलीमागे २ कोलिफॉर्म असलेलं पाणी निम्मं घातलं की दही कितीही चांगलं असो, मठ्ठा दूषित. पाणी दुधासारखंच वागवा: पाश्चरायझरमधून ९० अंशाला काढून ५ अंशाला थंड करा आणि बंद टाकीत घ्या. दूध संपल्यावर त्याच पाश्चरायझरमधून हे करता येतं, वेगळं यंत्र लागत नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे पाणी आधीच दुधात मिसळून, घनपदार्थांचं प्रमाण मठ्ठ्याला हवं तेवढं करून, मग सगळं एकत्र तापवणं आणि त्यालाच विरजण लावणं. नंतर पाणी घालायची वेळच येत नाही. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. विरजणाची टाकी दुप्पट मोठी लागते. आणि पातळ दुधात आंबटपणा पेलायची ताकद कमी असल्याने पीएच झपाट्याने खाली येतो, म्हणून ४.६ ला पोचताच थंड करायला सुरुवात करावी लागते. अर्धा तास उशीर झाला तर मठ्ठा जास्त आंबट होतो.

विरजण

आदल्या दिवशीचं दही विरजण म्हणून वापरणं घरी चालतं, कारण घरी दही दुसऱ्या दिवशी संपतं. युनिटमध्ये यीस्ट या वाटेने मुक्काम करतं. हिशेब पाहा: २ टक्के विरजण म्हणजे यीस्ट ५० पट विरळ झालं. पण २८-३० अंशाला १४ तास दही लागताना ते सातेक वेळा दुप्पट होतं, म्हणजे १२८ पट. रोज अडीच पटीची वाढ उरते. दहा दिवसांत दहा हजार पट. एखाद्या सोमवारी टाकीच्या झाकणावरून पडलेला एक थेंब पुढच्या आठवड्यात सगळ्या मालात असतो. टाक्या कितीही घासल्या तरी तो जात नाही, कारण तुम्ही स्वतःच तो रोज नव्या टाकीत नेत असता.

थेट टाकीत घालायचं कोरडं कल्चर वापरा. ते उणे १८ अंशाला ठेवावं लागतं. वीज गेल्यावर फ्रीझर किती वेळ टिकतो ते उन्हाळ्याआधी तपासून ठेवा. खर्चामुळे ते शक्य नसेल तर आठवड्याला एक पाकीट घेऊन, ९५ अंशाला अर्धा तास तापवलेल्या दुधात मदर कल्चर, म्हणजे पुढच्या विरजणांसाठीचं मूळ कल्चर, करा, लहान बाटल्यांत भरा, एक बाटली एकदाच वापरा, आणि बाजारात जाणाऱ्या दह्यातून विरजण काढणं पूर्ण बंद करा.

दही वेळेवर लागतं आहे का यावरही लक्ष हवं. मध्यम तापमानाचं कल्चर २८-३० अंशाला साधारण १२ ते १६ तासांत आणि गरम कल्चर ४२-४३ अंशाला ४-५ तासांत पीएच ४.६ ला यायला हवं. उशीर झाला तर तेवढा वेळ कोलिफॉर्म आणि स्टॅफिलोकोकस यांना मोकळं रान मिळतं. स्टॅफिलोकोकसचं विष एकदा तयार झालं की तापवूनही जात नाही, म्हणून फार उशिरा लागलेलं दही मठ्ठ्यात ढकलू नका. उशिराची कारणं चार: कल्चरला मारणारा फाज विषाणू, दुधातले प्रतिजैविकांचे अंश, टाकीत राहिलेलं सॅनिटायझर, आणि दूध नासू नये म्हणून वाटेत कोणीतरी घातलेला सोडा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड. शेवटचं कारण उन्हाळ्यात जास्त दिसतं. संकलनाच्या दुधाची रोझॅलिक आम्लाची (सोडा ओळखायला) आणि पेरॉक्साइडची चाचणी या दिवसांत प्रत्येक कॅनला करा. पाच मिनिटांचं काम आहे.

भरणयंत्र, हवा आणि परत आलेले क्रेट

कोणत्या पाऊचला त्रास आहे यावरून जागा कळते. एका बॅचचे सगळेच पाऊच फुगत असतील तर दोष टाकीत आहे: विरजण, पाणी किंवा मसाला. सकाळचे पहिले शे-दोनशेच फुगत असतील तर यंत्र रात्रभर ओलं राहिलेलं आहे. दिवस जाईल तसं प्रमाण वाढत असेल तर यंत्रावरच्या बॅलन्स टँकमध्ये (नोझलला मठ्ठा पुरवणाऱ्या छोट्या टाकीत) मठ्ठा कोमट होऊन तिथे वाढ होते आहे. शंभरात पाच, कुठलेही, असे फुगत असतील तर सील पाहा: सांबाराचं देठ सीलमध्ये अडकलं की डोळ्याला न दिसणारी फट राहते. यासाठी पाऊचवर तारखेसोबत भरल्याची वेळ छापली पाहिजे. ती नसेल तर हा सगळा तर्क करताच येत नाही.

साफसफाईचा क्रम असा ठेवा. भरणं संपल्यावर १५ मिनिटांच्या आत ३५-४० अंशाच्या पाण्याने स्वच्छ निघेपर्यंत धुणं; १ ते १.५ टक्के कॉस्टिक ७५-८० अंशाला २० मिनिटं, पाणी, ०.८ ते १ टक्का नायट्रिक आम्ल ६० अंशाला १० मिनिटं, पाणी. हे तापमान परतीच्या पाइपवर मोजायचं, टाकीत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर आम्लाची फेरी एक दिवससुद्धा गाळू नका, कारण दुधाचा आणि पाण्याचा दगडासारखा थर बसला की त्याखाली यीस्ट सुरक्षित राहतं. भरायला सुरू करण्याआधी लगेच ८५-९० अंशाचं पाणी १५ मिनिटं, किंवा १५०-२०० पीपीएम परॲसिटिक आम्ल. आदल्या रात्री केलेलं निर्जंतुकीकरण सकाळी मोजायचं नाही. कॉस्टिक नेहमी पाण्यात घाला, पाणी कॉस्टिकमध्ये नाही; आणि क्लोरीनचं द्रावण आम्लाजवळही नेऊ नका, विषारी वायू निघतो.

फिरत्या द्रावणाने जे धुतलं जात नाही ते हाताने उघडावं लागतं. बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यामागची पोकळी, पंपाचं सील, बॅलन्स टँकचा फ्लोट, नोझलचं रबर, तडे गेलेली गॅस्केट, आणि बंद केलेल्या शाखेचं उरलेलं तोंड. अशी आंधळी शाखा पाइपच्या व्यासाच्या दीडपटीहून लांब असेल तर कापून टाका. बॉल व्हॉल्व्ह दुधाच्या लाइनवर नकोच, बटरफ्लाय व्हॉल्व्ह लावा.

आता हवा. आपल्याकडे मार्चमध्ये कूलर लागतात आणि पॅकिंग रूममध्येही लागतात. हे ताबडतोब बंद करा. ओली वाळ्याची किंवा लाकडी भुश्याची ताटी, खाली दिवसेंदिवस उभं असलेलं कोमट पाणी, आणि त्यातून बाहेरची धूळ ओढून थेट उघड्या नोझलवर सोडणारा पंखा: बुरशी आणि जीवाणू पेरायला याहून सोयीची व्यवस्था नाही. माणसांना ४५ अंशांत काम करायला लावता येणार नाही हे उघड आहे, म्हणून पॅकिंग रूमला एसी हवा, शक्य तर गाळलेली हवा आत ढकलणारा, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाईल. तेवढा खर्च आज शक्य नसेल तर किमान भरणयंत्राभोवती पारदर्शक कक्ष करून त्यात गाळलेली हवा सोडा. काम चालू असताना फरशीवर पाइपने पाणी मारणंही थांबवा. गटाराचे तुषार नोझलच्या उंचीपर्यंत उडतात. हवा तपासायला यीस्ट-बुरशीच्या माध्यमाची प्लेट नोझलशेजारी १५ मिनिटं उघडी ठेवा. ५ दिवसांनी त्यावर १० हून जास्त ठिपके आले तर हवेवर काम बाकी आहे असं मी धरतो.

आणि क्रेट. बाजारातून परतलेल्या क्रेटमध्ये फुटलेल्या, आंबलेल्या पाऊचचा मठ्ठा सांडलेला असतो. त्यात मिलीमागे लाखो यीस्ट असतात. ते क्रेट पॅकिंग रूमच्या दारात धुतले जात असतील, तर पाण्याच्या फवाऱ्यासोबत तुमच्याच कारखान्यात वाढलेलं, मठ्ठ्याला सरावलेलं यीस्ट परत आत येतं. क्रेट धुण्याची जागा वेगळी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, माणसंही वेगळी. परत आलेले पाऊच आवारात फोडायचे नाहीत.

थंड करणं

मठ्ठा चिलरमधून ६-८ अंशाला आणूनच पाऊचमध्ये भरा. २० अंशाला भरून कोल्ड रूम बाकीचं करेल असं गृहीत धरू नका. रचलेल्या क्रेटच्या मधला पाऊच थंड व्हायला १०-१२ तास घेऊ शकतो, आणि तेवढ्यात यीस्ट तीन-चार वेळा दुप्पट होतं. मधल्या क्रेटच्या मधल्या पाऊचमध्ये तापमापक खुपसून एकदा रात्रभर नोंद घ्या.

शोध कसा घ्यायचा

एकाच दिवशी, एकाच बॅचचे नऊ नमुने घ्या: पाश्चरायझरच्या तोंडाशी दूध, विरजण, विरजण लावण्याआधी टाकीतलं दूध, लागलेलं दही, घालायचं पाणी, मसाल्याचं कालवण, सगळं मिसळल्यावरचा मठ्ठा, पहिला पाऊच, शेवटचा पाऊच. प्रत्येकात कोलिफॉर्म आणि यीस्ट-बुरशी मोजा. कोलिफॉर्म ३७ अंशाला २४ तासांत कळतात, यीस्टला २५ अंशाला ५ दिवस लागतात. ज्या टप्प्याला आकडा उडी घेतो तिथे काम सुरू करा. हे किमान तीन वेगवेगळ्या दिवशी करा, एका दिवसाच्या आकड्यावर यंत्र उघडून बसू नका. कोणती चाचणी करून घ्यावी याबद्दल शंका असेल तर माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, दुग्धतंत्रज्ञान विभागाला विचारता येईल. विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरातच आहे.

रोजच्या कामासाठी ५ दिवसांचा निकाल निरुपयोगी असतो, तोवर माल विकला गेलेला असतो. त्याऐवजी दर बॅचचे पहिले, मधले, शेवटचे असे ९-१० पाऊच २५ अंशाला ४८ तास ठेवा आणि रोज बोटाने दाबून पाहा. यात कोणी फुगला नाही तर चांगल्या थंडीत सात दिवस निघायला हरकत नाही. भरण्याच्या दिवशीचं लक्ष्य १ मिलीत कोलिफॉर्म शून्य आणि १ मिलीत यीस्ट एकापेक्षा कमी, हे ठेवा. कायद्याची मर्यादा यापेक्षा सैल असेल. पण नागपूरच्या मे महिन्याला ती पुरत नाही.

कडवटपणाबद्दल थोडंसं. तो यीस्टमुळे येऊ शकतो, पण कच्चं दूध तासन्‌तास पडून राहिलं असेल तर थंडीत वाढणाऱ्या जीवाणूंची प्रथिनं तोडणारी विकरंही (एन्झाइम) तो आणतात, आणि ही विकरं ९० अंशाला पूर्ण नष्ट होत नाहीत. मिथिलीन ब्लू चाचणीत अर्ध्या तासात रंग जाणारं दूध मठ्ठ्याला घेऊ नका. पाणी वर तरंगणं हा मात्र बहुतेक वेळा जंतूंचा प्रश्न नसतो. घनपदार्थ कमी किंवा आंबटपणा जास्त, एवढंच.

प्रिझर्व्हेटिव्हबद्दल

नायसिन यीस्टवर काहीच करत नाही, उलट तुमच्या कल्चरचे जीवाणू मारतं. नाटामायसिन यीस्ट-बुरशीला रोखतं, पण कोलिफॉर्मला हात लावत नाही. पोटॅशियम सॉर्बेट ४.२ पीएचला चांगलं काम करतं, पण मिलीमागे १०० यीस्टनी सुरुवात असेल तर ते दोन-तीन दिवस पुढे ढकलतं इतकंच. काही यीस्ट त्यालाही सरावतात, आणि काही बुरशा सॉर्बेट मोडून रॉकेलसारखा वास सोडतात. शिवाय दही-ताकाच्या कोणत्या वर्गात काय चालतं हे अन्नसुरक्षा नियमांतल्या तुमच्या पदार्थवर्गाच्या तक्त्यात पाहूनच ठरवायचं, विक्रेत्याच्या शब्दावर नाही. जाता जाता: काहीही न घालता तुमच्या मठ्ठ्यात थोडं बेंझोइक आम्ल सापडलं तर घाबरू नका. दुधातल्या हिप्प्युरिक आम्लापासून कल्चर ते स्वतःच तयार करतं, किलोमागे काही मिलिग्रॅमपासून सुमारे ५० मिलिग्रॅमपर्यंत.

सगळं करूनही लांबच्या गावी, थंडीच्या साखळीशिवाय माल पाठवायचा असेल तर मार्ग वेगळा आहे: तयार मठ्ठा पुन्हा तापवणं. नुसता तापवला तर प्रथिनं गोळा होऊन चोथापाणी होतं, म्हणून आधी ०.२ ते ०.४ टक्के हाय मेथॉक्सिल पेक्टिन (प्रथिनं गोळा होऊ न देणारा पदार्थ), होमोजिनायझेशन (दाबाने कण बारीक करणं), मग ६५ अंश किंवा त्याहून वर, आणि बंद व्यवस्थेत भरणं. कल्चरचे जिवंत जीवाणू यात मरतात, ते लेबलवर तसंच सांगावं लागतं.

आज गोदामात आणि बाजारात असलेला फुगलेला माल परत घ्या आणि नष्ट करा. तो कढीला, पनीरच्या पाण्यात किंवा पुढच्या बॅचमध्ये वापरायचा नाही. मठ्ठ्याचा सांडपाण्यावरचा भार फार मोठा असतो, म्हणून तो एकदम ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत) न सोडता आधी चुन्याने आंबटपणा मोडून, काही दिवसांत थोडा थोडा सोडा. आणि उद्याच्या बॅचपासून तीन बदल लगेच करा, यांना यंत्र लागत नाही: जुन्या दह्याचं विरजण बंद, वाटण ९० अंशाला १० मिनिटं, पॅकिंग रूममधला कूलर बंद. नवीन नऊ नमुने यानंतरच्या चौथ्या दिवशी घ्या, म्हणजे उरलेली उडी कुठे आहे ते स्पष्ट दिसेल.